मेंटर ताई नऊ महिने आमच्या केंद्रात येत होत्या, त्याचा अनुभव (५ पैकी ४)

मी ग्रामीण आरोग्य केंद्रात नर्स आहे, १२ वर्षं झाली, आणि कुटुंब नियोजनाचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. एवढ्या वर्षांत ट्रेनिंगं भरपूर झाली. हॉलमधे बसायचं, स्लाइड बघायच्या, सुरुवातीला एक पेपर आणि शेवटी तोच पेपर, मार्क वाढलेले असतात, सर्टिफिकेट मिळतं, आणि परत ओपीडीत आलं की समोर गर्दी असते मग आपण जसं आधी करत होतो तसंच करत राहतो. त्यामुळे जेव्हा कळलं की या वेळी आपल्याला कुठे जायचं नाहीये, एक मेंटरच, म्हणजे सोबत बसून शिकवणारी अनुभवी व्यक्ती, आपल्या केंद्रात येणार, महिन्यातून दोन दिवस, असे नऊ महिने, तेव्हा मला वाटलं की हे इन्स्पेक्शनच असणार. रजिस्टर बघतील, चुका लिहून घेतील आणि वर कळवतील. तसं काहीच झालं नाही. ज्यांच्याकडे अशी मेंटरिंगची सेवा येणार आहे किंवा जे कोणी ती सुरू करायचा विचार करतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय, जरा मोठं झालंय पण शेवटपर्यंत वाचा.

आधी मेंटरबद्दल. त्या डॉक्टर नव्हत्या, स्वतः कितीतरी वर्षं लेबर रूममधे आणि ओपीडीत काम केलेल्या सिस्टर होत्या आणि याचा फार फरक पडतो. रात्रपाळी करून सकाळी ४० पेशंट बघणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्या दिवशी आल्या, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी विचारायच्या, मी इथे बसले तर चालेल ना. एक जण नको म्हणाली तर लगेच उठून बाहेर गेल्या, चेहऱ्यावर काही नाही. ते बघून मला तिथेच काहीतरी जाणवलं कारण आमच्याकडे ओपीडीत दार उघडं, दोन जणी रांगेतल्या आत उभ्या, असं चालायचं आणि त्यात आम्ही बाईला विचारायचो की पाळी कधी आली होती.

त्या दिवशी मी जीव तोडून काउन्सेलिंग केलं. एक बाई आली, दोन मुलं, धाकटं आठ महिन्यांचं. मी गोळ्या, इंजेक्शन, तांबी, कंडोम, नसबंदी सगळं एका दमात सांगितलं, फ्लिपचार्टची पानं उलटली, ती मान हलवत होती, मग म्हणाली विचार करून सांगते, आणि गेली. ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "सिस्टर, माहिती सगळी बरोबर दिलीत, एकही चूक नाही. ती विचारायला काय आली होती?" मला सांगता येईना. मग त्यांनी विचारलं, तिला आणखी मूल हवंय का? हवं असेल तर कधी? अंगावर पाजते का? आधी काही वापरून बघितलं होतं का, आणि वापरलं असेल तर का सोडलं? घरात माहितीये का ती इथे आलीय ते? यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पुढची बाई त्या म्हणाल्या मी बघते, तुम्ही स्टुलावर बसा.

मग त्यांनी चार मिनिटांत जे केलं ते मी १२ वर्षांत केलं नव्हतं. आधी फक्त विचारलं, ऐकलं. त्या बाईला दोन-तीन वर्षांनी दुसरं मूल हवं होतं, म्हणजे टेबलावर मांडलेल्या पद्धतींच्या कार्डांतलं नसबंदीचं कार्ड बाजूला. रोज गोळी घेणं जमणार नाही असं तीच म्हणाली, गोळीचं कार्डही बाजूला. उरलेल्या दोन-तीन पद्धतींबद्दलच सविस्तर बोलल्या. ही बॅलन्स्ड काउन्सेलिंगची पद्धत आहे, पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने बनवलेली, आणि तिची कार्डं आमच्या कपाटात पडून होती, एका ट्रेनिंगमधे मिळाली होती. हेच तर म्हणतेय मी, माहिती नव्हती असं नाही, ती कार्डं पेशंटसमोर टेबलावर कशी मांडायची आणि कुठलं कार्ड कधी उचलायचं हे कोणी शेजारी बसून दाखवलं नव्हतं.

तसंच डब्ल्यूएचओच्या चाकाचं झालं. ते गोल फिरवायचं पुठ्ठ्याचं चाक असतं ना, कुठल्या बाईला कुठली पद्धत चालेल ते दाखवणारं, ते आमच्याकडे प्लॅस्टिकच्या कव्हरमधे नवंकोरं होतं. डब्ल्यूएचओचे हे निकष पहिल्यांदा १९९६ मधे आले, पाचवी आवृत्ती २०१५ ची. १ ते ४ अशा श्रेणी असतात आणि जिथे डॉक्टर हाताशी नाही अशा आमच्यासारख्या ठिकाणी सोपं करून सांगितलंय, १ आणि २ म्हणजे द्या, ३ आणि ४ म्हणजे देऊ नका. मी काय करत होते, तर मूल झालेलं नसेल तर तांबी नाही म्हणून परत पाठवायचे. चाकावर ती श्रेणी २ आहे, म्हणजे देता येते! उलट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईला आमच्या केंद्रात साध्या मिश्र गोळ्या (दोन हार्मोन असलेल्या) दिल्या जायच्या, ते चाकावर बसत नाही, पहिले सहा आठवडे श्रेणी ४ आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत श्रेणी ३. आणि बीपी न बघता गोळ्या देणं तर सर्रास होतं, बीपीचा वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त असला की मिश्र गोळी थांबवायची हे पाठ होतं पण मशीन दुसऱ्या खोलीत होतं म्हणून कोणी उठत नव्हतं. ताईंनी काय केलं, मशीन आणून टेबलावर ठेवलं. बास. त्या दिवसापासून बीपी बघितलं जातंय.

आता इंजेक्शनचं सांगते कारण हे मला अजून छळतं. तीन महिन्यांचं इंजेक्शन असतं ते. एखादी बाई तारखेपेक्षा आठ-दहा दिवस उशिरा आली की आम्ही म्हणायचो, उशीर झाला, आता पाळी आली की ये. बाई परत जायची. आता हे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींची पाळी वर्षभरात येईनाशीच होते, म्हणजे ती पाळी आली की ये म्हटल्यावर येणार कधी? आणि डब्ल्यूएचओचा नियम असा आहे की तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी सरळ इंजेक्शन देता येतं, दुसरं काही वापरायची गरज नाही, आणि दोन आठवडे आधी आली तरी देता येतं. ताईंनी जुनं रजिस्टर उघडलं आणि म्हणाल्या आपण दोघी मिळून बघू या कोण कोण परत आलं नाही. त्यात एक नाव होतं, ती नऊ दिवस उशिरा आली होती, मी स्वतः परत पाठवली होती, माझंच अक्षर. नंतर ती बाळंतपणाच्या रजिस्टरमधे सापडली. तिला दिवस नको होते. मी त्या दिवशी जेवले नाही.

पाळी चालू नसेल तर काहीच सुरू करायचं नाही ही आमची दुसरी सवय. खरं तर सहा प्रश्नांची एक साधी यादी आहे. मागची पाळी सुरू होऊन सात दिवसांच्या आत आहे का, चार आठवड्यांच्या आत बाळंत झालीय का, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावरच पितंय आणि पाळी परत आलेली नाही असं आहे का, मागच्या पाळीपासून संबंधच आलेला नाही का, सात दिवसांत गर्भपात झालाय का, आधीची पद्धत नीट आणि सलग वापरतेय का. एकाला जरी हो आलं आणि गरोदरपणाची लक्षणं नसतील तर दिवस गेलेले नाहीत असं धरता येतं आणि त्याच दिवशी पद्धत सुरू करता येते. ही यादी आता भिंतीवर आहे, मोठ्या अक्षरात, मी स्वतः लिहिली. दोन तास चालत आलेल्या बाईला परत पाठवणं आता कमी झालंय, आणि मला विचाराल तर मेंटरिंगचा सगळ्यात पटकन दिसलेला फायदा हाच.

हाताच्या कामाबद्दल थोडंसं. तांबी मी आधीही बसवत होते, पण मॉडेलवर ताईंसमोर बसवताना कळलं की साउंड (गर्भाशयाची खोली मोजायची सळई) टाकून खोली मोजते खरी पण ती खूण तांबीच्या नळीवर नीट लावत नाही, अंदाजाने चालतं. नळी योनीच्या भिंतीला लागू न देता आत न्यायची, ते नो-टच, तेही माझं घाईत चुकायचं. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवायची तर वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा मग ४८ तासांच्या आत, आणि तेव्हा ती गर्भाशयाच्या अगदी वरच्या टोकापर्यंत गेली पाहिजे, नाहीतर निसटून येते. पहिल्या महिन्यात ताईंनी माझा हात धरून केलं, दुसऱ्या महिन्यात शेजारी उभ्या, चौथ्या महिन्यात दाराजवळ. पेशंटसमोर एकदाही टोकलं नाही. आमचं आधीच ठरलं होतं, धोका असेल तरच त्या मधे पडतील आणि तेव्हा "सिस्टर, एक मिनिट मला देता का" एवढंच म्हणतील. एकदाच म्हणाल्या. पेशंटला कळलंसुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. तांबी काढून द्या म्हणून येणारी बाई.

आमच्याकडे अशी बाई आली की आम्ही तिला समजावायचो. थोडे दिवस थांब, सवय होईल, शरीर घेईल हळूहळू, दहा वर्षं चालते ती एवढ्यात काय काढतेस. कधी कधी आवाज चढायचा. मनात असायचं की आम्ही एवढी मेहनत करून बसवली, आकडा झाला, आता ही काढा म्हणते. काही जणी तीन-तीन खेपा घालायच्या. मला खरंच वाटायचं की मी तिच्या भल्याचंच करतेय.

ताई असताना एक आली, सहा महिन्यांपूर्वी बसवलेली, म्हणाली पाळीत जास्त जातं आणि पोटात कळा येतात, काढा. मी सुरू केलं, अगं थांब जरा. ताई स्टुलावरून काहीच बोलल्या नाहीत. बाई गप्प झाली, म्हणाली बरं, आणि उठायला लागली. तेव्हा ताईंनी परवानगी घेऊन तिला एक प्रश्न विचारला, "बसवली तेव्हा असा त्रास होऊ शकतो असं कोणी सांगितलं होतं का?" ती म्हणाली नाही. बसवणारी मीच होते. ताईंनी तिला सांगितलं की पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जाणं, कळा येणं हे तांबीत होतं, बऱ्याचदा नंतर कमी होतं, दुखण्यावरच्या गोळीने आरामही पडतो, हवं तर ती गोळी देतो आणि वाट बघू, नाहीतर आत्ता इथेच काढून देते, दोन्ही चालेल, तुम्ही सांगा. बाई म्हणाली काढा. ताईंनी मला खूण केली. मी काढली, एक मिनिटाचं काम. मग तिने आपणहून विचारलं, दुसरं काय आहे? आणि इंजेक्शन घेऊन गेली. इंजेक्शननेही पाळी बदलते, अनियमित होते, हे तिला या वेळी मी आधी सांगितलं.

नंतर चहाला बसलो तेव्हा मी म्हटलं ताई मला भीती वाटते की मागितलं की काढायला लागलो तर सगळ्याच येतील. त्या म्हणाल्या, "काढायला मिळत नाही हे गावात कळतं ना सिस्टर, मग बसवायला कोण येईल?" यावर मी कितीतरी दिवस विचार करत होते. कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १९९४ मधे १७९ देशांनी मान्य केलं की मुलं किती, कधी आणि किती अंतराने हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा, ते आम्ही परीक्षेत लिहिलेलं आहे. पण तांबी काढून न देणं हे त्याच्या आड येतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता केंद्रात नियम आहे, काढा म्हटलं की त्रास काय ते विचारायचं, उपाय सांगायचा, आणि तरी काढा म्हणाली तर त्याच दिवशी काढायची. काढण्याचंही रजिस्टर आहे, कारण लिहितो. कारणं वाचली की कळतं की बसवताना आपण काय सांगायचं विसरलो होतो.

त्या दर महिन्याला ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या काही बायकांना त्यांची परवानगी घेऊन तीन प्रश्न विचारायच्या. दुसऱ्या पद्धतींबद्दल सांगितलं का? त्रास काय होऊ शकतो ते सांगितलं का? त्रास झाला तर काय करायचं ते सांगितलं का? पहिल्या खेपेला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकींनी नाही म्हटलं. मी सांगते असं मला वाटत होतं. ताईंनी उत्तरं मला दाखवली, इन-चार्जना नाही, आणि हा भरवसा नसता तर मी पुढे खरं वागलेच नसते, त्या असताना एक आणि गेल्यावर एक असं झालं असतं. सातव्या-आठव्या महिन्यात बहुतेक जणी तिन्हीला हो म्हणायला लागल्या.

एक स्टार का कापला ते आता.

पहिली गोष्ट, मेंटर शिकवू शकते, साठा आणू शकत नाही. मधे दोन महिने इंजेक्शनच नव्हतं केंद्रात. इम्प्लांट (दंडाच्या कातडीखाली बसवायची कांडी) तर आलंच नाही कधी, कार्डावर मात्र आहे. बाई सगळं ऐकते, नीट विचार करून पद्धत निवडते आणि आपण म्हणायचं की संपलंय, हे आधीपेक्षा वाईट वाटतं कारण आधी तिने निवडलेलंच नसायचं. अशा प्रोग्रॅममधे औषधांच्या साठ्याची जबाबदारी कोणावर तरी हवीच, निदान मेंटरने लिहिलेलं वर कोणीतरी वाचायला हवं.

दुसरं, मधे मेंटर बदलली. पाचव्या महिन्यात एकदा दुसऱ्या बाई आल्या, ज्यांनी आल्या आल्या चेकलिस्ट काढली आणि उभ्याने टिकमार्क करत फिरल्या, पेशंटसमोर मला म्हणाल्या ग्लोव्हज असे घालतात का. त्या दिवशी मी पूर्वीसारखीच घडाघडा बोलत होते, हात थरथरत होता. सुदैवाने पुढच्या महिन्यात ताई परत आल्या. म्हणजे सगळं माणसावर अवलंबून आहे. मेंटर निवडताना तिला विषय किती येतो ते बघतातच, पण दुसऱ्याच्या ओपीडीत तासभर गप्प बसता येतं का तेही बघा.

तिसरं, पुरुषांबद्दल फारच कमी झालं. पुरुष नसबंदी बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची, पण त्याबद्दल एकच सेशन, तेही घाईत. नसबंदीनंतर तीन महिने दुसरं काहीतरी वापरावं लागतं हे आमच्या पुरुष कार्यकर्त्याला माहीत नव्हतं आणि त्याच्यासोबत कोणी मेंटर बसलाच नाही. नवऱ्याशी बोलायचं कसं, तो सोबत आला तर बाईला एकटीला दोन मिनिटं कशी द्यायची, हे शिकायची आमची फार इच्छा होती.

आणि लांबच्या उपकेंद्रातल्या दोघी सिस्टर. त्यांच्याकडे नऊ महिन्यांत तीनच भेटी झाल्या, रस्ता खराब, गाडी नाही. फोनवर ग्रुप होता, त्यात प्रश्न टाकले की ताई रात्रीसुद्धा उत्तर द्यायच्या, ते खूप कामाला आलं, पण तांबी बसवणारा हात फोनवरून कसा सुधारणार? त्यातली एक अजूनही बसवायला घाबरते, पेशंट आमच्याकडे पाठवते. २०१२ च्या डब्ल्यूएचओच्या शिफारशींत नर्सने तांबी बसवायला मान्यता आहे, तिला मनाईही कोणी केलेली नाही, फक्त सोबत उभं राहणारं कोणी मिळालं नाही.

ज्यांच्याकडे मेंटर येणार आहे त्यांनी इन-चार्जना पहिल्याच दिवशी सोबत बसवा, आमचे तिसऱ्या महिन्यात आले आणि तोपर्यंत त्यांना वाटत होतं की ओपीडी हळू चाललीय. जुनी रजिस्टरं काढून ठेवा, खरं शिक्षण तिथून होतं. आणि चूक लपवू नका, मी पहिले दोन महिने लपवली, तेवढे वाया गेले.

नऊ महिने संपले. आम्ही आणखी सहा महिन्यांसाठी लेखी मागणी केलीय, खास करून उपकेंद्रांसाठी, अजून उत्तर आलेलं नाही. तोवर ती घाबरणारी सिस्टर महिन्यातून एक दिवस आमच्याकडे येते आणि एक दिवस मी तिच्याकडे जाते, स्टुलावर बसते आणि तिची बाई बाहेर जाईपर्यंत गप्प राहते. मागच्या खेपेला तिने मॉडेलवर चार वेळा तांबी बसवली. पुढच्या खेपेला पेशंट तयार असेल तर मी तिच्या शेजारी उभी राहणार आहे.